पदकाने मद्य पवित्र होत नाही

अमेरिकेत १९७८ साली घरच्या घरी बिअर तयार करण्यास केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली आणि १९७९ पासून तिच्या राष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाल्या. १९८५ मध्ये परीक्षक प्रमाणित करणारी संस्था स्थापन झाली. त्यांची गुणपत्रिका मोठी काटेकोर! पन्नासपैकी गंधाला १२ गुण, रूपाला ३, चवीला २०, जिभेवरील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. पिणाऱ्याच्या घरात काय घडते, यासाठी मात्र रकाना नाही.

आता हेच खूळ आपल्या महानगरांतील उच्चशिक्षितांनाही भुरळ घालू लागले आहे. त्याला 'छंद' म्हणायचे, 'कला' म्हणायचे, की काम झाले! महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मात्र असा भेद जाणत नाही. परवान्याविना मद्यनिर्मिती हा कलम ६५ नुसार गुन्हाच आहे. हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या ओढ्याकाठी गूळ-नवसागराचे रसायन सापडले, तर ते जागीच ओतून दिले जाते आणि गुन्हा दाखल होतो. तेथे कोणी चव घेऊन गुण देत नाही. मग सदनिकेतील पिंपाला पदक कशासाठी?

बिअर सौम्य असते, ती भट्टीवर गाळली जात नाही, असा युक्तिवाद होईल. तो खराही आहे. २०१५ मध्ये मालवणीत शंभरहून अधिक बळी घेणाऱ्या विषारी दारूशी तिची तुलना होऊ शकत नाही. परंतु प्रश्न विषाचा नाही, प्रतिष्ठेचा आहे.

गावातील परवानाधारक दुकान बंद करायचे, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडावी लागतात. जी मतदानाला आली नाही, तिची अनुपस्थिती दुकानदाराच्याच पथ्यावर पडते. रोजगार बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्या हिंगोलीच्या मायमाऊलीने शिकल्यासवरल्यांचे हे पुरस्कार पाहून कोणता बोध घ्यावा? राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्यास शासनाला सांगतो. सुशिक्षितांनी त्याच पेयांचे सोहळे करावेत काय?

स्पर्धेला विरोध नाही. नामदेवांच्या नरसीचा आणि औंढ्याच्या नागनाथाचा हा जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. वसमतच्या हळदीलाही रंग आहे, गंध आहे, कस आहे. परीक्षकांनी खुशाल तेथे यावे. त्या पदकाने शेतकऱ्याचे घर उभे राहील. कोणाचे मोडणार नाही.