तक्त्याबाहेरचा खेळाडू

प्रो कबड्डीच्या २०१४ मधील पहिल्या लिलावात राकेशकुमारला सर्वाधिक, म्हणजे १२ लाख ८० हजारांची बोली लागली. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगु टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. बोली वीसपट चढली; पण मोल कशाचे झाले? मुख्यतः चढाईच्या गुणांचे, कारण ते तक्त्यात उमटतात. मध्यरक्षकाने साखळी धरून चढाईपटूची परतीची वाट रोखली आणि कोपरारक्षकाने घोटा धरला, तरी पकडीचा गुण एकाच्याच नावावर पडतो. दुसऱ्याचे श्रम हिशेबाबाहेर राहतात. (इराणच्या शादलुईला २०२३ मध्येच २ कोटी ३५ लाख मिळाले हे खरे, पण तो चढाईही करतो.) तक्ता कोणीही वाचील. सहकाऱ्याचा हात नेमका केव्हा सोडावा हे कोणत्या पोराला उमगले आहे, ते मैदानाशी बसूनच कळते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांची अडचण याहून बिकट आहे. भामरागडच्या किंवा जिवतीच्या सामन्याचा तक्ता लिलावाच्या मेजापर्यंत पोहोचतच नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. ‘मिशन शौर्य’साठी त्यांना निवडताना त्यांच्या नावावर कोणते शिखर जमा होते? निवड त्यांच्या शाळेपर्यंत गेली, इतकेच. संघमालकांनी खर्चाची सबब सांगू नये. सेहरावतच्या बोलीचा शंभरावा हिस्सा अडीच लाखांहून अधिक होतो. तेवढ्यात एक जाणता निवडकर्ता या तालुक्यांतून दोन महिने सहज हिंडू शकेल.