हौशी कॅमेऱ्याची कैफियत

टाळेबंदी उठून वर्षं लोटली, पण त्या काळात घरोघरी निघालेल्या लघुपटांची टिंगल काही थांबलेली नाही. "घरात कोंडल्यावर काय केलं, तर म्हणे फिल्मा काढल्या!" हा शेरा पुण्याच्या कट्ट्यावर ऐकू येतो, तसाच चेन्नईतल्या मराठी घरांच्या बैठकीतही. मी चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरला राहतो. इन्फोसिस, विप्रो, एल्कॉटचं सेझ, आणि त्यांच्या आधाराने ओएमआरच्या, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या, दोन्ही अंगांना उगवलेल्या इमारती, असा हा परिसर. २४ मार्च २०२०च्या संध्याकाळी तमिळनाडूत १४४ कलम लागलं आणि त्याच मध्यरात्री देश बंद झाला. १९ जूनपासून चेन्नईवर आणि शेजारच्या जिल्ह्यांवर पुन्हा कडक टाळेबंदी आली. एरवी कंपन्यांच्या बसगाड्यांनी तुंबलेला सिग्नलचा चौक ओस पडला आणि त्या चौकातली माणसं आपापल्या दोन खोल्यांत लॅपटॉप उघडून बसली. त्यांच्यापैकी काहींनी संध्याकाळी फोन उभा करून फिल्मा काढल्या. मी त्यांच्या बाजूने बोलणार आहे. मात्र आधी टीकाकारांचं म्हणणं ऐकून घेऊ.

पहिला आक्षेप असा की याला सिनेमा म्हणायचंच कशाला? सिनेमा म्हणजे पटकथा, दिग्दर्शक, छायालेखक, संकलक. घरच्या घरी बायकोमुलांना उभं करून फोनवर टिपलेलं ते सगळं म्हणजे लग्नाच्या व्हिडिओची पुढची पायरी.

हा आक्षेप घेणाऱ्यांनी सिनेमाचा इतिहास उलट्या टोकाने वाचला आहे. १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी जे टिपलं त्यात ऑग्युस्त ल्युमिएर आणि त्यांची पत्नी बाळाला भरवत आहेत एवढंच दाखवणारा एक चित्रपट आहे. इंग्लंडच्या सेसिल हेपवर्थने १९०५ साली 'रेस्क्यूड बाय रोव्हर' काढला. त्यात त्याची पत्नी, त्याचं तान्हं मूल आणि त्याचाच कुत्रा. चित्रपट इतका खपला की मूळ निगेटिव्ह झिजली आणि तो पुन्हा चित्रित करावा लागला. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले ते याच हेपवर्थचा स्टुडिओ पाहून आले. परतल्यावर भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी काय दाखवलं? घरात कुंडीत पेरलेला वाटाणा. ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपून त्यांनी रोपाची वाढ पडद्यावर आणली आणि ती पाहून यशवंत नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. पुढे 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र आणि 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. तेव्हा घर, घरची माणसं आणि हाताशी असलेलं यंत्र हीच सिनेमाची मूळ सामग्री आहे. स्टुडिओ नंतर आला.

दुसरा आक्षेप दर्जाचा. निघालेल्या बहुतेक फिल्मा टुकार होत्या. हे मला निम्मं मान्य आहे. आरशात पाहून स्वतःशीच बोलणारा तरुण, खिडकीच्या गजाआडून आभाळ, मागे फुकटात मिळालेला पियानो आणि शेवटी काळ्या पडद्यावर एखादं सुविचारवजा वाक्य, हे मीही पुष्कळ सोसलं. पण दिवाळी अंकांच्या कथास्पर्धांना येणाऱ्या कथा काय वेगळ्या असतात? त्यातल्या शंभरात नव्वद टाकाऊ असतात म्हणून कुणी कथालेखनच निकालात काढत नाही.

शिवाय माणूस शिकतो तो टाकाऊ कामातूनच. घरात फिल्म काढायला बसलं की पहिल्याच दिवशी कळतं, चित्र जमतं, आवाज जमत नाही. पंखा बंद करावा तर एप्रिलच्या चेन्नईत घामाच्या धारा लागतात. चालू ठेवावा तर घरघर. शेजारच्या घरात मिक्सर लागतो, आपल्या घरात कुकरची शिट्टी होते, आणि या दोन्हींतून वाट काढावी तर खाली पाण्याचा टँकर मोटर सुरू करतो. ओएमआरवरच्या इमारती टँकरवरच जगतात. शेवटी कपाटाचं दार उघडून, लटकवलेल्या कपड्यांत डोकं घालून संवाद म्हणायचे, म्हणजे घुमत नाहीत. सकाळी नऊचा बाल्कनीतला उजेड साडेदहाला भिंतीवरून उतरतो, म्हणून उरलेला प्रसंग दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच घ्यायचा आणि नायिकेने कालचाच कुडता न धुता घालायचा. ध्वनी, प्रकाश, सातत्य हेच धडे फिल्म शाळेतही मिळतात. इथे फी लागली नाही एवढंच.

आणि चेन्नईत बसून लघुपटाला हसणं तर अडाणीपणाचं आहे. कलैञर टीव्हीवर 'नाळैय इयक्कुनर' म्हणजे उद्याचा दिग्दर्शक नावाची लघुपटांची स्पर्धा चालायची. कार्तिक सुब्बराज, नलन कुमारसामी, बालाजी मोहन, अल्फोन्स पुत्रन हे सगळे दिग्दर्शक त्या स्पर्धेतून पुढे आले. कार्तिक सुब्बराज आधी सॉफ्टवेअर अभियंता होते. आज ज्यांच्या चित्रपटांच्या तिकिटांसाठी झुंबड उडते ते लोकेश कनगराज बँकेत नोकरीला होते आणि त्यांची सुरुवातही लघुपटांपासूनच झाली. नोकरी करून उरलेल्या वेळात लघुपट काढणारा माणूस या शहराला नवा नाही.

दर्जाच्या या आक्षेपातली एक लबाडीही उघड करायला हवी. मे २०२०मध्ये गौतम वासुदेव मेनन यांनी 'कार्तिक डायल सेय्द येण' हा बारा मिनिटांचा लघुपट काढला. त्रिशा आणि सिलंबरसन आपापल्या घरी, चित्रीकरण फोनवर, दिग्दर्शकाच्या सूचना दुरून. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने जगभरातल्या दिग्दर्शकांकडून घरात केलेले सतरा लघुपट 'होममेड' या नावाने दाखवले. त्यात पाओलो सोरेन्तिनोने इंग्लंडची राणी आणि पोप यांच्या छोट्या बाहुल्या घेऊन आपल्या रोममधल्या घरात गोष्ट रचली. या सगळ्याला 'प्रयोग' म्हटलं गेलं. तेच काम तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णींनी केलं की तो 'टाइमपास' होतो. दर्जाचा निकष लावायचा तर सर्वांना लावा. आडनाव पाहून लावू नका.

तिसरा आक्षेप खरा जड आहे. ८ मे २०२०च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी निघालेली माणसं होती ती. देश असा चालत असताना पोटभर जेवून, एसी लावून फिल्मा काढणं हा निबरपणा नव्हे का?

हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. आमच्या इमारतीच्या मागे बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या आणि त्या रिकाम्या होताना आम्ही गॅलरीतून पाहत होतो. पण अपराधाची भावना योग्य असली तरी आरोपी चुकीचा पकडला आहे. त्याच टाळेबंदीत दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा लागलं होतं, घरोघरी कॉफी फेटली जात होती, केळ्याचे केक भाजले जात होते. रामायण पाहणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही. जो हातपाय हलवून काही घडवू पाहत होता त्यालाच नेमका विचारला. मदत करणं आणि फिल्म काढणं यांत निवड करायची वेळ आली आणि एखाद्याने फिल्म निवडली, तर तो दोषी. पण अशी निवड कुणापुढे फारशी आलीच नव्हती. ज्याला द्यायचे त्याने पैसे दिले आणि संध्याकाळी कॅमेराही लावला.

या आक्षेपातला एक भाग मात्र पूर्ण खरा आहे. जिना उतरून खाली न गेलेल्या लोकांनी मजुरांच्या पायांच्या भेगांवर करुण संगीत लावून फिल्मा केल्या. त्या वाईटच. परक्याचं दुःख सजावटीला वापरलं म्हणून वाईट. यातून निघणारा नियम असा, की घरात बसून फिल्म काढायची तर घराबद्दल काढावी. इराणचे जाफर पनाही यांच्यावर चित्रपट काढायला सरकारी बंदी होती, तेव्हा त्यांनी तेहरानच्या आपल्या घरात, काही भाग फोनवर टिपून, 'धिस इज नॉट अ फिल्म' हा २०११चा चित्रपट केला. त्यांच्या बंदिवासाशी आपल्या टाळेबंदीची बरोबरी करणं उद्धटपणाचं होईल. पण त्यांनी दाखवलं ते घरातलंच: जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या खोल्या, फोनवरची बोलणी, पाळलेला इग्वाना. तेवढ्यातून बाहेरची सत्ता पुरेशी दिसली.

चौथा आक्षेप ओझरताच पुरे: अशा फिल्मांमुळे लाइटमन, रंगभूषाकार यांच्या पोटावर पाय येतो. चित्रीकरणं थांबली ती साथीमुळे. उलट एप्रिल २०२०मध्ये प्रसून पांडे यांनी अमिताभ बच्चन, रजनीकांत, मामुट्टी, मोहनलाल, सोनाली कुलकर्णी अशा अनेकांकडून आपापल्या घरी चित्रण करवून 'फॅमिली' हा लघुपट जुळवला, तोच मुळी चित्रपटसृष्टीतल्या रोजंदारी कामगारांच्या मदतीसाठी.

हे झालं खंडन. आता माझा पक्ष. विरंगुळा झाला, मन रमलं, हे फायदे मी मोजत नाही. ते पत्ते खेळूनही होतात. या फिल्मांनी घरातलं काम पडद्यावर आणलं, हे त्यांचं खरं मोल.

आमच्या इमारतीतल्या नववीतल्या एका मुलाला गुप्तहेराची गोष्ट चित्रित करायची होती. फोन ठेवायला जागा एकच, सिंकवरची फळी, कारण तिथूनच दार दिसायचं. मोलकरणींना गेटवर बंदी होती. त्याची आई दिवसभर ऑफिसच्या कॉलवर, आणि दोन कॉलच्या मध्ये सिंकपाशी. प्रत्येक टेकमध्ये गुप्तहेराच्या पुढून साबणाने भरलेला हात जायचा. पोरगा चिडला, ओरडला, आणि मग त्याने गुप्तहेर काढून टाकला आणि हात ठेवला. सात मिनिटांची फिल्म झाली. संवाद नाहीत. नळ, ताटल्या, मध्येच लॅपटॉपची टुंग, हात पुसणं, पुन्हा नळ. सोसायटीच्या ग्रुपवर ती पाहून वडिलांनी भांडी घासायला घेतली, असं काही घडलं नाही. "लायटिंग छान आहे," एवढंच ते म्हणाले. पण आईचं हे सोळा वेळा सिंकपाशी जाणं त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मोजलं होतं, आणि मोजणारा तिचा मुलगा होता.

फाळक्यांच्या घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, ती धुवून काढत आणि चित्रीकरणाच्या ताफ्याचा स्वयंपाकही करत. भारतीय सिनेमा त्यांच्या हातांतून गेला, पण ते हात कॅमेऱ्यापुढे आले नाहीत, आणि त्यांचं नाव आजही फाळक्यांच्या नावाइतकं कुणाच्या तोंडी नाही. फोन स्वयंपाकघरात शिरला तेव्हा या हातांना चौकट मिळाली. कोट्यवधींच्या स्टुडिओंना शंभर वर्षांत जे क्वचितच सुचलं, ते जागेच्या अडचणीमुळे एका पोराला सुचलं.

म्हणून या फिल्मांना दर्जाच्या तराजूत तोलणाऱ्यांना माझं सांगणं आहे की प्रश्न बदला. फोन कुणाच्या हातात होता आणि त्याला घरातलं कोण दिसलं, हे विचारा. या कसोटीवर सिताऱ्यांचे कित्येक लघुपट नापास होतील आणि कुलकर्णी कदाचित काठावर पास होतील.

आणि ज्यांनी फिल्मा काढल्या त्यांनाही एक सांगणं आहे. फाळक्यांनी काढलेल्या चित्रपटांपैकी फारच थोडी रिळं आज उरली आहेत. तुमच्या फिल्मा व्हॉट्सअ‍ॅपवर आकसून, जुन्या फोनबरोबर एक्स्चेंजमध्ये जातील. मूळ फाइल शोधा, हार्ड डिस्कवर उतरवा, तारीख आणि इमारतीचं नाव लिहा. श्रेयनामावली नसेल तर आता करा, आणि तिच्यात फोन धरणाऱ्याच्या शेजारी, चित्रीकरण चालू असताना कुकर बंद ठेवून जेवणाला उशीर सोसणाऱ्या बाईचंही नाव घाला.