विश्लेषण : दिवाळीच्या रात्री एका ॲपवर हवा ‘मध्यम’, दुसऱ्यावर ‘अतिवाईट’; असे का होते?

लक्ष्मीपूजनाची रात्र, अकराची वेळ. बाहेर धुराचा पडदा, डोळे चुरचुरताहेत आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवा ‘मध्यम’. खासगी ॲपवरचा आकडा मात्र दुप्पट-तिप्पट. मग स्क्रीनशॉट फिरू लागतात आणि ‘आकडे लपवले’ असा आरोप होतो. बऱ्याचदा भानगड लपवाछपवीची नसते, सरासरीची असते.

सरासरी कशी निघते?

हवा मोजणाऱ्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी दर १५ मिनिटांच्या मिळतात. म्हणजे दिवसाला ९६. प्रत्येक नोंदीवर तारीख-वेळ असते. ती पाहून स्क्रिप्ट नोंदी तासांच्या कप्प्यांत टाकते आणि सरासरी काढते. काम काही ओळींचेच. निर्देशांकासाठी पीएम २.५ या सूक्ष्म कणांची २४ तासांची, तर ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइडची ८ तासांची सरासरी धरतात. ॲपवरचा आकडा दर तासाला बदलतो, पण पीएम २.५ साठी तो मागच्या २४ तासांचा असतो. रात्री अकराच्या आकड्यात सकाळची स्वच्छ हवाही मिसळलेली असते. काही खासगी ॲप ताजा तास धरतात, शिवाय अमेरिकी मोजपट्टी लावतात.

नोंदीच नसतील तर?

खरी गोम इथे आहे. नियमानुसार २४ पैकी किमान १६ तासांच्या नोंदी असल्या तरी निर्देशांक काढता येतो. समजा, १८ तास पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम होते आणि फटाक्यांच्या सहा तासांत ४००. सरासरी १६०, म्हणजे ‘अतिवाईट’. त्याच सहा तासांत यंत्र बंद पडले, तर उरलेल्या १८ तासांची सरासरी ८०, म्हणजे ‘मध्यम’. नियम पाळला गेला, स्क्रिप्टही चुकली नाही. रिकामे कप्पे तिने वगळले, एवढेच. एखाद्याने रिकाम्या जागी शून्य भरले, तर सरासरी ६० वर येते आणि हवा चक्क ‘समाधानकारक’ ठरते!

हे केवळ कागदी गणित नाही. २०२५च्या दिवाळीत दिल्लीतील ३७ केंद्रांपैकी केवळ नऊच सलग सुरू होती, असे वृत्तपत्रांतील बातम्यांच्या आधारे न्यायालयमित्रांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले. दिल्लीत निर्बंधांचे टप्पे याच निर्देशांकावर ठरतात. मुंबईतही २०२४च्या डिसेंबरअखेर निर्देशांक २०० वर राहिल्याने महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्वेतील बांधकामे थांबवली होती. म्हणजे बंद यंत्रामुळे एखाद्या बांधकामाला मोकळीक मिळू शकते आणि शेजारच्या दमेकऱ्याला इशाराच मिळत नाही.

वेळेचा घोळ वेगळाच. स्क्रिप्टने जागतिक प्रमाणवेळ धरली, तर तिचा ‘दिवस’ आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. मध्यरात्री दोन तारखांत विभागली जाणारी फटाक्यांची रात्र मग एकाच तारखेत जाते आणि त्याच नोंदींतून त्या दिवसाची सरासरी वेगळी निघते.

मंडळाच्या संकेतस्थळावरून १५ मिनिटांच्या नोंदी उतरवून घेता येतात. पडताळणी करायची असेल, तर आधी ९६ पैकी किती भरलेल्या आहेत आणि रिकाम्या जागा कोणत्या वेळेच्या आहेत, हे मोजावे, सरासरी नंतर.