डब्याला खिडक्या किती होत्या?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नागपूरला गेलो होतो. तिथून एका जुन्या मित्राकडे बोरगावला दोन दिवस राहून आलो. बोरगाव हे मध्य प्रदेशातल्या सौसर तालुक्यातलं, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं गाव. 2023 साली पांढुर्णा आणि सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला, त्यात ते येतं. सरकारी कारभार हिंदीत आणि घरातलं बोलणं मराठीत. पोर्तुगीज आमदानीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आम्हा गोंयकारांना यात नवल वाटायचं कारण नाही.

या मित्राला एकच वेड, छोट्या गाडीचं. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. डोंगरातून तीव्र वळणं घेत जायला ही गाडी सोयीची आणि रूळ टाकायला स्वस्त. पण दुसऱ्या गेजच्या स्टेशनात पोचलं की माल उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. 2015 साली ती बंद झाली. त्यानंतर त्या मार्गावर ब्रॉडगेज आली, 1676 मिलिमीटरची. माझ्या मित्राच्या मते त्या दिवसापासून प्रवासातली मजा संपली.

त्याचा भाचा सुट्टीला आला होता. कॉलेजात शिकणारा, कॉम्प्युटरवर आगगाड्यांचे खेळ खेळणारा. मामाला खूश करायला म्हणून त्याने सौसरचं जुनं स्टेशन त्या खेळात उभं करायला घेतलं होतं. मामा मात्र नाराज. "त्यात कोळशाचा वास येईल का रे?"

भाच्याने उत्तर दिलं नाही. त्याने उलट विचारलं, "मामा, डब्याले खिडक्या किती होत्या?"

"आठवते ना सारं!" मामा म्हणाला, आणि गप्प झाला. बाकं आडवी होती की उभी? फलाटावरचा नळ नागपूरच्या टोकाला होता की छिंदवाड्याच्या? एकाचंही उत्तर त्याला देता येईना. इतकी वर्षं तो ज्या गाडीसाठी हळहळत होता, तिचा डबासुद्धा त्याला नीट आठवत नव्हता.

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. आमची मीटरगेज गाडी आठवली. पोर्तुगीजांच्या काळात, 1880 च्या दशकात मुरगावहून घाटाकडे घातलेला तो मार्ग नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला. त्यावर मी किती गळे काढले असतील! आता कुळे स्टेशनाचं जुनं रूप कागदावर काढ म्हटलं तर मला छप्पर आणि एक झाड यापलीकडे काही काढता येणार नाही. झाडसुद्धा बहुधा मीच लावलेलं असणार.

तुम्ही म्हणाल, आठवणीला एवढी चौकशी कशाला? मला वाटतं, हवी. नुसत्या हळहळीला काही पडत नाही. ती बसल्या जागी होते, आणि तिच्यात आपली कल्पनाच गाडीचा डबा रंगवत असते. छंदाचं तसं नसतं. लाकडाची प्रतिकृती करा नाहीतर कॉम्प्युटरवर करा, खिडकी कापायची वेळ आली की आकडा लागतोच. जे तंत्रज्ञान आपलं जुनं जग गिळतंय असं आपण म्हणतो, तेच त्या दिवशी बोरगावात मामाला जुन्या जगाबद्दल खरे प्रश्न विचारत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-भाचे मोटरसायकलवरून निघाले. त्या गाडीवर नोकरी केलेले एक म्हातारे गृहस्थ सौसरला राहतात, त्यांच्याकडे. तिथून पुढे नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयातही एकदा जायचं ठरलं. मामाच्या खिशात वही होती. गाडी बंद पडून इतकी वर्षं झाली, पण तिच्याविषयी कुणाला काही विचारायला तो पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता.

मीही घरी आल्यावर वही काढली आहे. कुळ्याला ज्यांनी मीटरगेजवर काम केलं, त्यांच्यातले बरेच आता थकले आहेत. विचारायचं तर लवकर विचारायला हवं.