संघ आपला, पेज त्यांचं

बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि विषयही नेहमीचा नाही. हल्ली प्रत्येक क्रीडासंघ फेसबुक-इन्स्टाग्रामवर आपल्याला 'कुटुंब' म्हणतो. हे नातं खरं किती?

वाघोलीत राहणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. २०२१ मध्ये आम्ही पुणे महापालिकेत आलो खरे, पण बालेवाडीचं क्रीडासंकुल आणि गहुंजेचं स्टेडियम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नगर रस्त्यावरच्या गर्दीतून वाट काढत रात्रीच्या सामन्याला जाणं म्हणजे एक मोहीमच! त्यामुळे आमचा संघ राहतो फोनमध्ये. २०२५ च्या प्रो कबड्डीत तर पुण्यात एकही सामना नव्हता. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली, संपलं. पुणेरी पलटण अंतिम फेरीत गेली, दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली आणि पुण्याने ते सगळं पडद्यावरच पाहिलं.

अशा वेळी संघाच्या पेजचा आधार वाटतो, हे मान्य करायलाच हवं. एखादी पकड पुन्हा पुन्हा बघायला मिळते, सरावातली थट्टामस्करी दिसते. 'घेऊन टाक' ही पलटणीची घोषणा मला आवडते, कारण ते मराठी जाहिरातवाल्याचं वाटत नाही, मैदानावरचं वाटतं. कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, म्हणजे आमच्याच रस्त्यावरचा. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पलटणीने पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा आपल्याच घरातलं कोणी जिंकल्यासारखं वाटलं.

पण पुण्याचा अनुभव आठवून बघा. पुणे वॉरियर्स २०११ ला आले, २०१३ नंतर गायब. रायझिंग पुणे सुपरजायंट दोनच हंगामांसाठी होते. २०१७ चा अंतिम सामना अवघ्या एका धावेने हरले आणि विषय संपला. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९. 'ऑरेंज आर्मी' म्हणवणारे त्यांचे चाहते बालेवाडीत ढोल वाजवायचे. संघ बंद झाला, त्याच्या जागी हैदराबाद आलं आणि त्या हैदराबादने २०२२ मध्ये विजेतेपदही मिळवलं! या तिन्ही संघांनी आपल्याला 'आपली माणसं' म्हटलं होतं. जाताना मात्र आपल्याला कोणी विचारलं नाही.

इथेच माझं म्हणणं आहे. लाइक, कमेंट, मतचाचणी यांतून आपल्याला वाटतं की संघात आपलाही आवाज आहे. प्रत्यक्षात आपली फक्त मोजदाद होते आणि तो आकडा प्रायोजकांना दाखवायच्या कामी येतो. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केलं, तेव्हा लाखो लोकांनी त्यांना अनफॉलो केलं. निर्णय बदलला का? नाही. चाहत्यांच्या हातात होतं तेवढंच एक बटण, आणि तेही दाबून काही झालं नाही.

याउलट गावाकडचं कबड्डी मंडळ घ्या. त्यांचं पेज नसतं. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, चौकात एक फ्लेक्स, बस्स. पण एखाद्या चांगल्या पोराला संघातून वगळलं, तर मंडळाच्या अध्यक्षाला चहाच्या टपरीवर गाठून जाब विचारता येतो. नातं म्हणतात ते याला. त्यात भांडायची सोय असते.

पलटण २०१४ पासून टिकून आहे, म्हणूनच तिच्याकडून अपेक्षा आहे. दहा व्हिडिओ कमी टाका, पण वर्षातून एकदा तुमचे खेळाडू वाघोलीसारख्या उपनगरातल्या मैदानावर पाठवा. इथल्या पोरांना त्यांच्यासमोर एक चढाई करू द्या. फोनवरची ओळख फोनबाहेर कुठेतरी पोहोचली पाहिजे, नाहीतर ती नुसती जाहिरात.

असो. मी पेज बघायचं सोडणार नाहीये :) पण 'कुटुंब' हा शब्द मात्र इतक्यात कोणाला द्यायची नाही. तुमच्या शहराच्या संघाचा अनुभव काय आहे? जरूर कळवा.