छाटणीचे मोल लाकडात

पावसाळा तोंडावर आला की नगरपालिकांना व गृहनिर्माण संस्थांना आपल्या हद्दीतील झाडांची अकस्मात आठवण होते. वर्षभर दुर्लक्षिलेल्या गुलमोहराच्या व पर्जन्यवृक्षाच्या फांद्या मे महिन्यात धोकादायक ठरतात. मग एक टेम्पो, काही दोर, एखादी यांत्रिक करवत आणि पाच-सहा माणसे एवढ्या भांडवलावर चालणारे छोटे कंत्राटदार घाईघाईने कामास जुंपले जातात. पुढे फांदी कोसळून कोणी दगावले, अथवा भरदार वृक्षाचा ओंडका झालेला दिसला, की त्यांच्यावर टीकेची झोड उठते. या धंद्याचा जमाखर्च कसा चालतो, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. ती केल्यास दोष कोयता चालविणाऱ्या हाताचा कमी आणि मोबदला ठरविण्याच्या रीतीचा अधिक, असे दिसून येईल.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वा त्याहून अधिक वर्षे वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जाही मिळाला. तथापि या साऱ्या व्यवस्थेचा भर परवानगीवर आहे. परवानगी हाती आल्यानंतर करवत कोण चालवितो आणि कशी चालवितो, हा प्रश्न व्यवहारात कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडला जातो.

आणि ही मर्जी अनेकदा लाकडाच्या वजनाने ठरते. ‘लाकूड तुम्ही न्या, मजुरी कमी लावा’ हा सौदा अनेक संस्थांना फायद्याचा वाटतो. वस्तुतः तो मोबदल्याचे माप चुकविणारा सौदा आहे. ज्याची कमाई तोडलेल्या लाकडावर अवलंबून, तो वाळलेल्या चार काटक्यांसाठी झाडावर माणूस कशाला चढवील? त्याचे लक्ष जाडजूड निरोगी फांदीकडेच जाणार. शेंडा उडवून झाड बोडके केले की टेम्पो भरतो आणि संस्थेलाही काम ‘झाल्यासारखे’ दिसते. परंतु अशा कापावर फुटणारे दाट फुटवे खोडाशी घट्ट जोडलेले नसतात. काही वर्षांत ते वजनदार झाले की वाऱ्याने तेच प्रथम मोडतात. वाचविलेली मजुरी संस्थेला अशा रीतीने दुसऱ्यांदा मोजावी लागते.

चांगल्या कापाचे शास्त्र काही गूढ नाही. जड फांदी प्रथम खोडापासून थोडी दूर खालून अर्धवट कापावी, मग वरून, म्हणजे ती पडताना साल सोलून नेत नाही. उरलेला खुंट अखेरीस फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर कापावा. अमेरिकन वनविभागातील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून दाखवून दिले की झाड जखम भरून काढीत नाही, तर ती आतून कोंडून टाकते. आणि हे कडे शाबूत असेल तरच ते त्याला नीट साधते. जखमेवर रंग फासल्याने कूज थांबत नाही, हेही त्यांनीच दाखविले. आपल्याकडे गेरूचा हात मात्र आजही श्रद्धेने दिला जातो!

अशा कामाला वेळ लागतो आणि धड अवजारे लागतात. यांत्रिक करवतीच्या साखळीला गोल कानस वरचेवर मारावी लागते. साखळी धारदार असेल तर लाकडाचे काप उडतात, बोथट झाली की पीठ पडते. मग कामगार अंगाचा भार टाकून ती रेटतो, आणि पात्याचे टोक अडकून उसळले की ते थेट त्याच्या तोंडावर येते. पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण चुकले तर इंजिन जळते. साखळीसाठी निराळे तेल लागते, तेथे बहुधा वापरलेले इंजिन ऑइल ओतून भागविले जाते. सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे दोर. कारखान्याच्या हिशेबात घसारा हा कागदावरचा आकडा असतो. येथे त्याच्यावर माणूस टांगलेला असतो. उन्हाने, घासण्याने, एखाद्या ओंडक्याच्या हिसक्याने दोर आतून दुबळा होतो आणि वरून धडधाकट दिसतो. तो वेळीच टाकून देणे हा शुद्ध खर्च आहे, त्यातून एक रुपयाही परत येत नाही. सुरक्षापट्टा, शिरस्त्राण, चष्मा यांचेही तसेच. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा नियम असेल, तर या खर्चाला कात्री लावणाराच ती जिंकणार हे उघड आहे. पट्ट्याविना चढलेला माणूस विजेच्या तारेजवळ ओला बांबू सरकवितो, ते काही केवळ बेफिकिरीने नव्हे.

त्यात कामाचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. उरलेल्या काळात अवजारे पडून राहतात आणि कसबी चढणारा अन्य मजुरीला जातो. पुढच्या मे महिन्यात नवखा माणूस झाडावर असतो. मे-जून हा कावळ्यांच्या घरट्यांचाही काळ, याची दखल घेण्यास त्या गर्दीत कोणाला सवड नसते. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेल्या गुलमोहराचा सांगाडा स्वच्छ दिसतो, चिरलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या खालूनही ओळखता येतात. काम वर्षभर विभागले तर तीच करवत आणि तीच माणसे अधिक दिवस राबतील व दरही आटोक्यात राहील.

लाकडाच्या भरवशावर चाललेला हा व्यवहार मुंबईत यापुढे तसाही डळमळणार आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. जळाऊ लाकडाचे एक मोठे गिऱ्हाईक त्यामुळे आटत जाणार. ज्या लाकडापोटी कंत्राटदार मजुरी सोडीत होता, तेच वाहून नेण्याचा भुर्दंड उद्या त्याच्या माथी येईल. यास्तव निविदेतच मजुरी, अवजारांचा घसारा, कामगारांचा विमा व लाकडाची वाहतूक यांच्या रकमा स्वतंत्र मांडाव्यात, लाकडाची किंमत त्यांत मिसळू नये, आणि देयक चुकते करण्यापूर्वी जाणकाराने प्रत्येक काप पाहावा. गृहनिर्माण संस्थांना तर यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील वार्षिक सभेत एक ठराव पुरेसा आहे.