लहान मुलांच्या आई-बापांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सरपंच व सदस्य,
ग्रामपंचायत दवनीवाडा, ता. जि. गोंदिया

प्रतिलिपी: मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, गोंदिया

विषय: मूल झाल्यावर आई-बापांना व्यायामासाठी वेळ, जागा व योग्य सल्ला मिळण्याबाबत.

महोदय,

दवनीवाडा परिसरातील लहान मुलांचे आई-बाप एकत्र येऊन आम्ही हे मागणीपत्र देत आहोत.

मूल झालं की आमच्याकडे काम कमी होत नाही. बंद होतो तो खेळ, फिरणं आणि विसावा. शाळेत खो-खो गाजवलेली मुलगी आई झाल्यावर मैदानाकडे फिरकत नाही. कबड्डी खेळणारा पोरगा बाप झाला की मजुरी आणि घर यांतच अडकतो. “दिवसभर राबतेच, तिला वेगळा व्यायाम कशाला?” असं सर्रास म्हटलं जातं. पण राबण्याने शरीर झिजतं, व्यायामाने ते सावरतं. हा फरक ध्यानात घेऊन निर्णय व्हावा.

रोवणीत बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते. बाळ धुऱ्यावर छत्रीखाली, थोरल्या बहिणीच्या भरवशावर. ते रडलं की हात धुऊन पाजायचं आणि पुन्हा पऱ्ह्याची जुडी उचलायची. बाळंतपणात सैल झालेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सावरायच्या आत जड ओझं उचललं, तर लघवीवर ताबा न राहणं, अंग बाहेर येणं असे त्रास बळावू शकतात. लाजेपोटी बायका ते सांगत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार, प्रकृतीची अडचण नसेल तर बाळंतिणीनेही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल करावी, स्नायू बळकट करणारे व्यायामही करावेत. २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. रोवणीच्या मजुरीत अशी रजा नाही. म्हणून आमच्या मागण्या:

१. रोवणी व धानकापणीच्या हंगामात तीन वर्षांखालील मुलांसाठी गावात दिवसभराचे पाळणाघर सुरू करावे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच वा अधिक लहान मुले असल्यास ती सांभाळणाऱ्या स्त्रीला मजुरी देण्याची तरतूद होती. तेच तत्त्व इथे लावावे.

२. आशाताई बाळाला पाहायला ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात. त्यांना प्रशिक्षण देऊन त्याच भेटींत आईला कंबर व ओटीपोटाचे सोपे व्यायाम शिकवण्याची सोय करावी. त्रास असल्यास स्त्री-डॉक्टरकडून तपासणी व्हावी.

३. मैदानावर दिवे, चालण्याची वाट आणि तिच्या लगत मुलांचे झोपाळे असावेत, म्हणजे मूल नजरेसमोर ठेवून आईला चालता येईल. संध्याकाळचा एक तास फक्त बायकांसाठी राखावा.

४. अंगणवाडीत मुलांच्या वजनाच्या दिवशी बापालाही बोलवावे. मूल सांभाळण्याची पाळी त्याने घेतल्याशिवाय आईला मोकळा तास मिळणार नाही, हे आमच्यातल्या बापांनाही मान्य आहे.

५. महिला व बालकल्याणासाठी राखीव १० टक्के निधीतून या कामांना तरतूद करावी. प्राधान्यक्रम ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत ठरावा.

मैदानाची साफसफाई आणि झोपाळ्यांची देखभाल आम्ही पाळीपाळीने करू. येत्या ग्रामसभेत हा विषय घेऊन, पऱ्हे टाकण्यापूर्वी निदान पाळणाघराचा ठराव करावा, ही आग्रहाची विनंती.

आपले,
लहान मुलांचे आई-बाप, दवनीवाडा परिसर